गरम झाल्यावर बंद पडणारा रायडिंग मॉवर : दोष नेमका कुठे शोधावा

इंदुरात खंडवा रोडलगत, महूकडे किंवा बायपासच्या पलीकडे ज्यांनी अर्धा-पाऊण एकराची हिरवळ राखली आहे, त्यांच्यापैकी काही घरी आता बसून चालवायचा मॉवर, म्हणजे गवत कापण्याचे यंत्र, आलेला आहे, आणि त्या मॉवरबद्दल ऐकू येणारी तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. सकाळी यंत्र चावी फिरवताच सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम कापते, आणि मग हिरवळीच्या मधोमध बंद पडते. लगेच चावी फिरवली तर स्टार्टर गरगर फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने तेच इंजिन काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते आणि या वेळी दहा मिनिटांतच थांबते.

मिस्त्री येतो तेव्हा यंत्र थंड झालेले असते. त्याच्यासमोर ते निमूटपणे सुरू होते, त्यामुळे त्याला दोष दिसत नाही, आणि जे नेहमी करायचे तेच तो करतो, म्हणजे कार्ब्युरेटर उघडून साफ करतो. पुढची एक-दोन कापणी निर्वेध पार पडते आणि तक्रार परत येते. मधल्या काळात फरक का पडला, याचे कारण पुष्कळदा कार्ब्युरेटरमध्ये नसतेच. तो उतरवताना टाकीचे झाकण उघडले गेलेले असते, नळीतले जुने पेट्रोल गळून गेलेले असते, आजूबाजूच्या वायरींचे जोड हलवून पुन्हा घट्ट बसलेले असतात. यांपैकी कशामुळे गुण आला हे कोणी तपासत नाही, श्रेय मात्र कार्ब्युरेटरच्या सफाईला मिळते.

या तक्रारीचा निकाल लावायचा असेल तर एकच पथ्य पाळावे लागते : तपासणी यंत्र बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, जागच्या जागी आणि ठरलेल्या क्रमाने करावी. इंजिनाला चालण्यासाठी पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब अशा तीन गोष्टी लागतात. ते थांबले त्या क्षणी या तिन्हींपैकी एक गोष्ट गैरहजर असते, आणि थंड होताच ती परत येते. गैरहजर असतानाच तिला गाठले नाही, तर नंतरची सगळी दुरुस्ती अंदाजाने होते आणि अंदाजाने बदललेले सुटे भाग या यंत्रांच्या बाबतीत फार महाग पडतात, कारण इंजिने परदेशी बनावटीची असल्याने बरेचसे भाग मागवावे लागतात.

म्हणून कापणीला निघतानाच बसण्याच्या जागेजवळ एका पिशवीत थोडे सामान ठेवावे : प्लग आणि त्याची वायर यांच्यामध्ये लावायचा स्पार्क टेस्टर, प्लगचा पाना, पेट्रोलची नळी दाबून धरणारा चिमटा, झाकणाची काचेची बरणी, जाड हातमोजे आणि मल्टिमीटर. टेस्टर सोडल्यास यातले सर्व सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते, आणि टेस्टर ऑनलाइन मागवावा लागला तरी तो फारसा महाग नसतो. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून ठिणगी पाहण्याची जी जुनी पद्धत आहे, ती या कामी वापरू नये. प्लगच्या उघड्या भोकातून स्टार्टरबरोबर पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि शेजारीच ठिणगी उडत असते. शिवाय मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी दाबाखालीही उडेलच असे नसते.

बंद पडताना यंत्र काय सांगते

तपासणी खरे तर यंत्र थांबण्याआधीच सुरू होते, म्हणून चालवणाऱ्याने कान उघडे ठेवावेत. इंजिन चावी बंद केल्यासारखे एकदम गप्प झाले, आधी काही कुरकुर नाही, आवाजात चढ-उतार नाही, तर बहुधा ठिणगी गेलेली असते किंवा एखाद्या सुरक्षा-स्विचने ती तोडलेली असते. इंजिन आधी अडखळू लागले, त्याचा वेग वर-खाली होऊ लागला, मग धापा टाकत थांबले, तर पेट्रोल कमी पडत आहे. अशा वेळी चोक अर्धा ओढून पाहावा. त्याने इंजिन क्षणभर सावरले, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होत होती, हे जवळजवळ नक्की समजावे. तिसरा प्रकार म्हणजे इंजिनाची ताकद हळूहळू उतरत जाणे, नेहमीच्या गवतातही पात्यांचा आवाज जड होणे आणि शेवटी भाराखाली दबून थांबणे. यात अतिउष्णता, व्हॉल्व्ह किंवा पात्यांच्या आवरणाखाली साचलेला ओल्या गवताचा लगदा यांचा संशय घ्यावा. पावसाळ्यात इथली काळी माती गवताबरोबर त्या आवरणाला आतून थापली जाते आणि वाळली की खरवडूनच काढावी लागते, त्यामुळे हा तिसरा प्रकार जुलै-ऑगस्टमध्ये जास्त दिसतो.

यंत्र थांबले की पात्यांची कळ बंद करावी, हातब्रेक लावावा आणि जागेवरच थांबावे. सायलेन्सर या वेळी इतका तापलेला असतो की त्यावर सांडलेले पेट्रोल पेट घेऊ शकते. म्हणून ज्या चाचण्यांत पेट्रोल उघडे पडत नाही त्या आधी कराव्यात आणि नळी किंवा कार्ब्युरेटरची वाटी (त्याच्या तळाचे पेट्रोल साठण्याचे भांडे) उघडण्याचे काम सायलेन्सरला हात जवळ नेता येईल इतका तो निवल्यावरच करावे.

पहिली चाचणी टाकीच्या झाकणाची. तत्पूर्वी कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी चिमट्याने दाबावी, म्हणजे वाटीत या क्षणी जेवढे पेट्रोल आहे तेवढेच राहील आणि नंतर मोजता येईल. मग झाकण हळूहळू सैल करावे आणि कान लावावा. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर टाकीत निर्वात पोकळी तयार झालेली होती. तो आवाज आला नाही म्हणून झाकण निर्दोष ठरत नाही, पण आला तर फार मोठा दुवा हाती लागतो. झाकण सैलच ठेवून ताबडतोब दुसऱ्या चाचणीकडे वळावे.

प्लगची वायर काढून मध्ये टेस्टर लावावा, सीटवर बसून स्टार्टर चार-पाच सेकंद फिरवावा. सीटवर न बसता किंवा क्लच-ब्रेकची पट्टी न दाबता ही चाचणी केली, तर सुरक्षा-स्विच मुळातच अडवणूक करतील आणि नसलेला दोष दिसेल. टेस्टरमध्ये ठिणगी नियमितपणे दिसली तर पेट्रोलच्या वाटेने जावे, दिसली नाही तर विजेच्या. पुढची सगळी शोधाशोध या एका उत्तरावर अवलंबून असल्यामुळे ते कागदावर लिहून ठेवावे. त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टार्टर नेहमीपेक्षा फारच हलका, विनाअडथळा फिरत असेल, तर सिलिंडरमध्ये दाब धरला जात नाही आणि मग ठिणगी व पेट्रोल दोन्ही हजर असूनही इंजिन सुरू होणार नाही.

ठिणगी आहे, पेट्रोल नाही

प्लग काढून पाहावा. त्याचे टोक कोरडे असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोहोचलेले नाही, ओले असेल तर पेट्रोल पोहोचले पण जळले नाही. कोरड्या प्लगच्या बाबतीत पुढे कार्ब्युरेटरची वाटी काचेच्या बरणीत रिकामी करावी. वाटी जवळपास कोरडी निघाली, तर दोष कार्ब्युरेटरच्या आधी, म्हणजे झाकण, नळी, फिल्टर किंवा पंप यांत आहे. वाटी भरलेली निघाली, तर दोष कार्ब्युरेटरच्या आत आहे, आणि मिस्त्रीने केलेली सफाई अपुरी असली तरी निदान दिशेला बरोबर होती. बरणीतले पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवून तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो का, तेही पाहावे.

झाकणाच्या मध्यभागी हवा आत घेण्यासाठी एक बारीक वाट असते. मार्च ते जूनमधली धूळ आणि गवताचा भुसा पेट्रोलच्या ओलाव्यावर बसून तिथे पातळ चिकटा तयार होतो. वाट बंद झाली की टाकीतले पेट्रोल खाली उतरते, पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, आणि उपड्या केलेल्या बाटलीतून पाणी जसे थबकत थबकत पडते तसे पेट्रोल थबकू लागते. भरलेल्या टाकीत मोकळी जागा कमी असल्याने पोकळी लवकर तयार होते. टाकी अर्ध्यावर आली की तेवढेच पेट्रोल खर्च होऊनही पोकळी कमी पडते, त्यामुळे ‘टाकी भरली की बंद पडतो, कमी असली की चालतो’ अशी विचित्र वाटणारी तक्रार अनेकदा खरी असते आणि तिचे मूळ झाकणातच असते. खात्री करण्यासाठी पुढची कापणी सपाट भागावर, टाकी अर्धीच भरून, झाकण एक आटा सैल ठेवून करावी. यंत्र थांबले नाही तर झाकण बदलावे. सुई घालून भोक मोठे करण्याचा मोह आवरावा, कारण काही झाकणांत आत झडप असते आणि ती फाटली की उतारावर पेट्रोल बाहेर सांडते.

झाकण निर्दोष ठरले तर नळी. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ती सोडवून बरणीत धरावी. टाकी वरच्या पातळीवर असेल तर चिमटा काढताच धार लागली पाहिजे आणि मिनिटभर ती तशीच राहिली पाहिजे. सुरुवातीला धार आणि मग थेंब, असे झाले तर नळी किंवा फिल्टर तुंबतो आहे. जुन्या रबरी नळीचा आतला पापुद्रा सुटून झडपेसारखा हलतो, आणि बाहेरून नळी अगदी धडधाकट दिसते. म्हणून तिची वये मोजत न बसता ती सरळ बदलावी, मात्र इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारीच घ्यावी. बदलताना ती सायलेन्सरपासून लांबून न्यावी, कारण तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो आणि मेमधल्या दुपारी हे हमखास घडते.

टाकी सीटखाली किंवा मागच्या मडगार्डमध्ये असलेल्या मॉवरमध्ये पेट्रोल वर चढवण्यासाठी छोटा पंप असतो. तो इंजिनाच्या आतल्या दाबाच्या हेलकाव्यांवर चालतो आणि ते हेलकावे एका बारीक नळीने पंपापर्यंत येतात. ही नळी उष्णतेने मऊ झाली किंवा टोकाशी चिरली, तर थंड असताना पुरेसा चालणारा पंप गरम झाल्यावर मंदावतो. पंप बदलण्याआधी ती नळी बदलून पाहावी. तिला कवडीचा खर्च येतो आणि ती सोडवायला दोन क्लिप काढाव्या लागतात.

वाटी भरलेली असूनही प्लग कोरडा असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीखाली बसवलेल्या सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेकडे, पाहावे. हा भाग अनेकांना ठाऊक नसतो, आणि या तक्रारीत तो फार वेळा निसटतो. चावी चालू असेपर्यंत त्याला 12 व्होल्टची वीज मिळते आणि तो मुख्य जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाची, वाट मोकळी ठेवतो, चावी बंद होताच त्याचा दट्ट्या वर येऊन वाट बंद करतो, म्हणजे इंजिन थांबताना सायलेन्सरमध्ये फटाका वाजत नाही. चावी चालू केल्यावर तिथे स्पष्ट ‘टक’ ऐकू आला पाहिजे. गरम असताना तो आला नाही, तर सोलेनॉइडच्या वायरीवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. वीज पोहोचते आणि तरीही टक येत नाही, तर सोलेनॉइड खराब आहे. वीजच पोहोचत नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा वायर.

इथेच आणखी एक फसवा प्रकार दडलेला आहे. या इंजिनांची ठिणगी फ्लायव्हीलमधल्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकातल्या) चुंबकापासून होते, तिला बॅटरी लागत नाही. त्यामुळे ‘बॅटरी उतरली तरी चालू असलेले इंजिन बंद पडत नाही’ असे मानले जाते, आणि ते सोलेनॉइड नसलेल्या यंत्रांबाबत खरेही आहे. पण सोलेनॉइड असेल, पाती जोडणारा क्लच विजेवर चालणारा असेल आणि इंजिन बॅटरीला चार्ज करत नसेल, तर क्लच बॅटरीतून सतत वीज ओढत राहतो, व्होल्टेज घसरत जाते आणि एका टप्प्यावर सोलेनॉइड मिटतो. अर्धा तास विश्रांती मिळाली की बॅटरी जराशी वर येते आणि यंत्र पुन्हा चालू होते. लक्षणे हुबेहूब गरम होण्याच्या दोषासारखी, पण उष्णतेचा काही संबंध नाही. यासाठी इंजिन पूर्ण वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. ते साधारण 13.5 ते 14.5 च्या दरम्यान असावे, 12.5 च्या खाली रेंगाळत असेल तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, त्याची अर्थ जोडणी आणि फ्लायव्हीलखालच्या चार्जिंग कॉइलची वायर पाहावी.

ठिणगीच नाही

टेस्टरमध्ये ठिणगी दिसली नाही की बहुतेक जण इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणारा भाग, मागवतात. कॉइल गरम झाल्यावर दगा देते हे खरे आहे. तिच्या आतल्या वेटोळ्यांतली तार उष्णतेने प्रसरण पावून तुटक जोडासारखी वागते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. पण ठिणगी तोडणारी आणखी एक व्यवस्था यंत्रात असते आणि ती आधी तपासली पाहिजे. कॉइलपासून एक बारीक वायर निघते. तिला जमिनीशी, म्हणजे सांगाड्याशी जोडले की ठिणगी थांबते. चावी बंद करताना हेच होते आणि सीट, ब्रेक, पाती व उलट दिशेचा स्विच यांनाही हाच अधिकार दिलेला असतो.

कॉइलपाशी ही वायर इंजिनाच्या जोडातून सोडवावी आणि पुन्हा टेस्टरने पाहावे. ठिणगी लगेच परत आली, तर कॉइल ठीक आहे आणि दोष वायरिंगमध्ये किंवा स्विचांत आहे. आली नाही, तर कॉइल. या चाचणीत इंजिन सुरू झाले तर ते चावीने बंद होईलच असे नाही, याची आधीच जाणीव ठेवावी. पाती बंद, ब्रेक लावलेला, नळीवर चिमटा हाताशी, आणि थांबवण्यासाठी चोक पूर्ण ओढण्याची तयारी, एवढे करूनच चावी फिरवावी. चाचणी झाली की वायर परत जोडावी.

सीटखालच्या स्विचबद्दल इंदूरच्या लोकांनी जरा अधिक दक्ष राहावे. माळव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते, त्यामुळे पावसाळ्याआधी सपाट असलेली हिरवळ वर्षभरात खाचखळग्यांची होते. चालवणारा धक्क्याने सीटवरून किंचित उचलला गेला की सैल झालेला स्विच क्षणभर सुटतो आणि इंजिन अडखळते किंवा बंद पडते. एकाच ठिकाणी, एकाच खड्ड्यापाशी यंत्र पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर कारण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. स्विचच्या टोप्या काढून त्यातल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर आहे का ते पाहावे, तो खरवडावा, पट्ट्या किंचित आवळून घट्ट बसवाव्यात, आणि वायरींवर उंदरांचे दात उमटलेले आहेत का याचीही तपासणी करावी. स्विच कायमचा बाजूला काढून वायर सरळ जोडून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांना ठामपणे नको म्हणावे. चालवणारा पडला तर त्याच्या शेजारी फिरत राहिलेली पाती थांबवण्याचे काम तोच स्विच करतो, आणि घरात मुले असतील तर यावर चर्चाही करू नये.

कॉइलच दोषी ठरली तर नवी बसवताना तिच्या पायांचे आणि फ्लायव्हीलचे अंतर नेमके ठेवावे. मॉवरची इंजिने बनवणाऱ्या ब्रिग्ज ॲण्ड स्ट्रॅटन कंपनीच्या अनेक इंजिनांत ते 0.25 ते 0.36 मिलिमीटर असते. तेवढ्या जाडीचे कार्ड मध्ये धरून, चुंबक समोर आणून, कॉइल चिकटू द्यावी आणि स्क्रू आवळावेत. त्याआधी फ्लायव्हीलच्या चुंबकांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून टाकावा. दोन सिलिंडरच्या इंजिनांत कॉइलही दोन असतात. त्यांतली एक गेली तर यंत्र थांबत नाही, निम्म्या ताकदीने रडतखडत चालते, हे ओळखून दोन्ही सिलिंडरांवर टेस्टर लावावा.

इंजिन खरोखरच जास्त तापत असेल तर

वरच्या चाचण्यांत कॉइल किंवा सोलेनॉइड गरम झाल्यावर दगा देतो असे आढळले, तरी भाग बदलून थांबू नये. तो भाग इतका का तापला, हा प्रश्न उरतोच. ही इंजिने हवेने थंड होतात. वरच्या जाळीतून फ्लायव्हीलचा पंखा हवा आत ओढतो, पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आवरण ती सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ कडांवरून, वळवते आणि ती बाहेर पडते. जाळी बाहेरून स्वच्छ दिसली तरी आवरणाखाली, फिन्सच्या मधल्या फटींत, गवताचा भुसा, धूळ आणि तेलाचा चिकटा यांचा नमद्यासारखा थर जमलेला असतो. पावसाळ्यानंतर यंत्र दोन-तीन महिने शेडमध्ये पडून राहिले असेल, तर तिथे उंदराचे घरटेही सापडते. ब्रिग्ज ॲण्ड स्ट्रॅटनच्या सूचनांत हवा-शीतलीकरणाची सफाई वर्षातून एकदा किंवा 100 तासांनी सांगितलेली आहे. आपल्याकडची धूळ पाहता कापणीच्या हंगामाआधी एकदा आणि मध्यावर एकदा आवरण उतरवणे योग्य ठरते. आवरणाचे बोल्ट मोजकेच असतात. फिन्स ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ कराव्यात. पाण्याचा फवारा गरम इंजिनावर मारू नये.

तेलाची पातळी सपाट जमिनीवर, इंजिन थंड असताना पाहावी आणि दांडीचा वासही घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर वाटीत पेट्रोल येणे अडवणारी कार्ब्युरेटरची फ्लोट-सुई गळत असून पेट्रोल तेलात उतरत आहे. असे पातळ झालेले तेल इंजिन तापवते, म्हणून सुई बदलूनच नवे तेल भरावे. उन्हाळ्यासाठी ब्रिग्ज ॲण्ड स्ट्रॅटन एसएई 30 तेल सुचवते. 10W-30 चालते, पण 27 अंशांच्या वर त्याचा खप वाढतो, आणि इंदुरात एप्रिल-मे महिन्यांतले तापमान त्याच्या कितीतरी वर असते.

दाबाचा प्रश्न निघाला, म्हणजे गरम असताना स्टार्टर हलका फिरतो असे दिसले, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट, पाहावे लागतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी काजळीने गाइडमध्ये चिकटते, किंवा टॅपेटचे अंतर झिजून नाहीसे झालेले असल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन सर्वांत वर येऊन सुमारे 6 मिलिमीटर खाली उतरल्यावर, ब्रिग्ज ॲण्ड स्ट्रॅटनच्या अनेक एकसिलिंडरी ओएचव्ही (सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असलेल्या) इंजिनांत इनलेटचे अंतर 0.08 ते 0.13 आणि एक्झॉस्टचे 0.13 ते 0.18 मिलिमीटर ठेवतात. आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतून पडताळावा. कोहलर कंपनीच्या अनेक इंजिनांत हे अंतर तेलाच्या दाबाने आपोआप राखणारे हायड्रॉलिक लिफ्टर असल्याने ही जुळणी करावीच लागत नाही. जाता जाता : अंतर उलट जास्त झाले असेल, तर स्टार्टर अर्धा फेरा मारून अडकतो, कारण सुरू होताना दाब सोडणारी योजना काम करत नाही, आणि लोक विनाकारण नवी बॅटरी विकत आणतात.

पेट्रोलबद्दल

देशातील पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 2025 मध्ये 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले, आणि मॉवरची इंजिने बनवणाऱ्या ब्रिग्ज ॲण्ड स्ट्रॅटन, कोहलर, होंडा या कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र 10 टक्क्यांपर्यंतच मान्यता दिलेली आहे. या तफावतीचा या तक्रारीशी सरळ संबंध आहे. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, पण मॉवरच्या कार्ब्युरेटरचे जेट ठरावीक मापाचे असते, ते मिश्रण ओळखून आपोआप जुळवून घेत नाही. परिणामी तेच इंजिन पूर्वीपेक्षा कोरड्या, म्हणजे हवा जास्त पडणाऱ्या, मिश्रणावर चालते आणि अधिक तापते. जेटमध्ये जराशी घाण आली की आधीच काठावर असलेले मिश्रण काठाबाहेर जाते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत शेडमधल्या अर्ध्या भरलेल्या टाकीला ओलाव्याची ददात नसते.

इथे इलाज साधेच आहेत. पेट्रोल कॅनमध्ये साठवून न ठेवता कापणीपुरतेच आणावे, महिन्याहून जुने टाकीत राहू देऊ नये, आणि यंत्र महिनाभर उभे राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत चालवावे. पेट्रोलमध्ये पाणी मिसळून इथेनॉल खाली बसवण्याचे जे प्रयोग दाखवले जातात, ते घरी करू नयेत. ते धोक्याचे आहेतच, पण उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेनही घटते, कारण ते वाढवण्याचे काम इथेनॉल करत होते. जेटचे भोक बारीक ड्रिलने मोठे करणेही टाळावे, कारण ते पुन्हा लहान करता येत नाही.

दुरुस्ती झाली हे ठरवण्यासाठी शेडसमोर पाच मिनिटे इंजिन फिरवून चालत नाही. टाकी पूर्ण भरावी, दुपारच्या उन्हात, पाती जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडून, नेहमीच्या गवतातून पूर्वी यंत्र ज्या वेळी थांबत असे त्याच्या दुप्पट वेळ कापणी करावी. मग इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, ते चांगले गरम असतानाच, पुन्हा सुरू करावे. या वेळी एकच भाग बदललेला असावा आणि बदललेला जुना भाग फेकून दिलेला नसावा. यंत्र पुन्हा थांबलेच, तर स्पार्क टेस्टर पिशवीत आहेच, आणि मागच्या वेळी कागदावर लिहिलेले उत्तर या वेळच्या उत्तराशी जुळते का, हे सर्वप्रथम पाहावे. जुळले तर त्याच वाटेवरचा पुढचा भाग तपासावा. जुळले नाही, तर पहिला दोष गेला असून दुसरा स्वतंत्र दोष उघडा पडला आहे.